पद्मावतीची बारकी

शिवणीच्या लाकडाची पट्टी उकळत्या पाण्यात टाकली की आधी तरंगते. मग तिचं एक टोक जड होतं आणि खाली जातं, दुसरं वर राहतं. तेव्हा ती काढायची. दोन्ही टोकं बुडाली की उशीर झाला. मग ती वाकत नाही, मोडते.

*

मनातात्या तारींचा कुत्रा त्या वर्षी कोणावरच भुंकत नव्हता.

*

लवूने देवगडहून टोपी आणली. पुढे सोनेरी धाग्याचा नांगर. आमच्या बंदरात बोट चालवणारा कुठलाच तांडेल टोपी घालत नाही. डोक्याला पंचा बांधतात.

*

"मेस्ताचो झील तांडेल! आता भटजी जाळी विणतले आणि गाबीत मुंजी लावतले."

सुताराच्या मुलाने सुकाणू धरायचं म्हणून दुकानावर सगळे हसले. लवूही हसला, सगळ्यांच्या नंतर.

*

बाबा गेले तेव्हा घरात फळीवर ओळीने बोटी होत्या. सगळ्यात मोठी हातभर. प्रत्येकीचं पोट एका बाजूने उघडं, भिंतीकडच्या बाजूने.

*

"बसलंस काय गो, कुंदा?"

मनातात्या पडवीच्या पायरीवर उभे होते. बंदरातल्या तीन बोटी त्यांच्या. त्यातली पद्मावती सगळ्यात जुनी, लाकडाची, माझ्या वडिलांनी बांधलेली. बाकीच्या दोन फायबरच्या. फायबर आल्यावर आमच्याकडे मोठ्या बोटीचं काम येईनासं झालं. बाबा गेल्यावर मी बोटींची मॉडेल करायला लागले. हॉटेलवाले घेत, मुंबईचे चाकरमानी घेत. आमच्याकडे मॉडेल म्हणत नाहीत. बारकी म्हणतात. अमक्या बोटीची बारकी.

"माका एक बारकी व्हयी," तात्या म्हणाले. "पद्मावतीची."

"करतंय. कधीपर्यंत?"

"नारळी पुनवेच्या आदी. पण पुरी करून व्हयी. खालची फळी उघडी ठेवू नको."

मी पट्टी तासत होते. हात थांबला.

"तात्यांनू, पद्मावती अजून चलता मां?"

"चलता. म्हणान काय झाला?"

"चालत्या बोटीची बारकी पुरी करीत नाय. बाबांनी कधी केली नाय."

"तुझ्या बापाशीन लय गोष्टी केल्यान नाय. तो एसटीत पण बसलो नाय. देवगडाक चलत जाय आणि पाय दुखतत म्हणान सरकाराक गाळी घाली." तात्या हसले. "मुंबयसून जावय येतलो माझो. टेबलार ठेवूची हा. पोटाक भोक असलेली बोट कोण टेबलार ठेवतलो?"

"पाण्यातली बोट..."

"पाण्यात खय? वाळूत हा ती आता. वाळूत असताना तू पुरी केलंस, तर तुझो बापूस वरसून पण काय म्हणाचो नाय."

ते पायरी उतरले. वळून म्हणाले, "लवून सांगल्यान मां तुका? ह्या वर्साक पद्मावतीर तोच तांडेल."

लवू माझा धाकटा भाऊ. त्याने मला सांगितलं नव्हतं.

*

यामागे जे आहे ते एवढंच आहे. एका नावाच्या दोन पुऱ्या बोटी दर्या ठेवत नाही. बारकी घरात असते, कोरडी, तिला दर्याचा हात पोचत नाही. म्हणून तो मोठी घेतो. बोट चालती आहे तोवर बारकीची तळाजवळची एक फळी लावायची नाही. मोठी बोट म्हातारी होऊन मोडीत निघाली की ती फळी लावायची आणि तेल द्यायचं. बाबा असं करत. त्यांचे वडील असं करत. बंदरातले खलाशी कोणाच्या घरी गेले आणि कपाटावर बारकी दिसली, की बोलता बोलता तिच्या खाली हात घालून बघत. उघडी लागली की चहा घेत.

माझा यावर विश्वास होता का, असं मला एका पाहुण्याने विचारलं होतं. मी म्हटलं, मी फळी लावत नाही.

*

लवू संध्याकाळी आला तो टोपी घालूनच.

"सांगलंस नाय माका," मी म्हटलं.

"सांगणार होतंय. तात्या आदी सांगान गेलो काय? तेका धीर नाय." तो खाली बसला, टोपी काढली, नांगरावरून अंगठा फिरवला, परत घातली. "बाय, चा कर. तांडेलाक चा कर."

"तांडेलान पाणी भरूक व्हया आदी."

तो खरंच उठला आणि कळशी घेऊन विहिरीवर गेला. दहा वर्षं तो दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी होता. खलाशी तरी कसला? बोटीवर भात शिजवायचा, पाणी उपसायचं, आणि काही मोडलं की सगळे म्हणायचे, ए मेस्ता, ह्या ठोक. लवूला सुतारकी करायची असती तर तो घरीच राहिला असता. त्याला वाऱ्याचं कळत होतं. पाण्याच्या रंगावरून खाली काय आहे ते कळत होतं. ते बाकीच्यांनाही माहीत होतं. पण सुकाणू त्याच्या हातात कोणी देत नव्हतं. मेस्ताच्या हातात रंधा द्यायचा.

चहा पिताना मी सांगितलं, तात्यांना बारकी पुरी करून हवी आहे.

त्याने बशीतला चहा संपवला.

"मग कर."

"लवू, तू जातलंस तेच्यार."

"तात्याची बोट, तात्याची बारकी." त्याने बशी खाली ठेवली. "तू फळये बसव. दर्यो माझ्यार सोड."

*

फळी एक डावीकडे लावायची, एक उजवीकडे. एकाच अंगाने लावत गेलात तर पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, त्या अंगाला ओढलं जातं आणि बोट जन्मापासून तिरकी होते. डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात दिसतं. पण बारकी पाण्यात जात नाही, म्हणून बारकी करणाऱ्याच्या हातात खोटेपणा लवकर शिरतो.

प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाकडे निमुळती करायची. पोटाजवळ रुंद, नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, अरुंद. कोणती कुठे किती अरुंद, हे कागदावर येत नाही. पट्टी लावून बघायची, काढायची, दोन हात रंधा मारायचा, परत लावायची. चिमटे. टाचण्या. सरस. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, आणि मला तेव्हाच हात लावावासा वाटतो.

सांधा चुकला तरी बारकीत चालतं. पुट्टी आहे. पुट्टी भरायची, वाळवायची, काचपेपरने घासायची, ओला अंगठा फिरवायचा, जिथे अडेल तिथे परत घासायची. वर रंगाचे हात. मग ती फळ्यांची केली आहे हे कळतसुद्धा नाही, साबणाची वडी वाटते.

मोठी बोट अशी करत नाहीत. मोठ्या बोटीच्या सांध्यांत कापूस ठोकतात, वर राळ. फळी पाणी पिते, फुगते, शेजारणीला घट्ट होते. सांधे दिसतात. दिसायलाच हवेत.

*

वरच्या फळ्या झाल्या. मी खाली आले. डाव्या अंगाला मागच्या बाजूला बाबांनी काहीतरी वेगळं केलं होतं, दोन फळ्यांच्या मधे एक आखूड घातली होती, एवढं आठवत होतं. नेमकं कुठे ते आठवेना. म्हणून मी मोजायला गेले.

पद्मावती वाळूत ओंडक्यांवर उभी होती, झावळ्यांच्या मांडवात. नवा निळा रंग. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी डाव्या अंगाला खाली वाकले आणि मोजायला लागले.

मोजता येईना.

वरच्या फळ्या दिसत होत्या. खालच्या अंगाला, पाण्यात बुडतं तिथे, एकही सांधा नव्हता. मी अंगठा ओला केला आणि फिरवला. कुठेही अडला नाही. माझ्या पडवीतल्या बारकीवरून फिरतो तसा फिरला.

मी मागे सरकून उन्हाकडे तिरकं बघितलं. साबणाची वडी.

पिशवीत टोचा होता. मी तो पठाणाच्या वर वीतभर अंतरावर ठेवला आणि तळहाताने दाबला, हातोडी न मारता. आधी कडक लागलं, पापडासारखं. मग टोचा मुठीपर्यंत आत गेला. आवाज झाला नाही. बाहेर काढला तेव्हा टोकाला तपकिरी लगदा होता आणि ओल्या गोणपाटाचा वास.

मी हातभर पुढे गेले. तिथेही तेच. आणखी पुढे. तेच.

"काय मोजतंस गो?"

तात्या मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. कधी आले ते कळलं नाही. कुत्रा त्यांच्या पायाशी बसला होता.

"फळये," मी म्हटलं.

"गावल्यो?"

"नाय."

"मग बापाशीन किती लावलेल्यान त्यो आठव. तुझ्याच बापाची बोट."

"तात्यांनू, हेच्या खालती लाकूडच नाय. बघा तुमी. भातासारख्या झाला हा."

ते आले. वाकले. टोच्याने पडलेल्या भोकावर अंगठा ठेवला आणि सावकाश घासलं, एकदा, दोनदा. अंगठा काढला तेव्हा भोक दिसत नव्हतं.

"तू बारकेक पुट्टी लावतंस मां?"

"लावतंय."

"कित्याक?"

"दिसाक बरी दिसता म्हणान."

"मगे? माझी वायट दिसूक व्हयी?" ते हसले नाहीत. "एक हंगाम. पुढच्या वर्साक फळये बदलूचे हत. ता सगळा माझ्या डोक्यात हा. तू डोक्या चालव नको, हात चालव. आणि ह्या बघ, लवूचा पयला वर्स. पयल्याच वर्साक तेची बहीण आडवी इली असां लोकांनी म्हणूक नको. तेका परत कोण सुकाणू देवचो नाय."

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड नव्हता.

*

लवूला सांगितलं. सगळं. टोचा दाखवला, त्याच्या टोकाला अजून लगदा होता.

तो म्हणाला, "कोणी बघल्यान तुका?"

"तात्यान."

"आणखी?"

"कोण नाय. लवू, मी काय सांगतंय..."

"पुट्टी सगळेच लावतत, बाय."

"पाण्याखाली? फळीच्या जाग्यार?"

"तू लाकडाची मेस्त, मी पाण्याचो. पाणी येतला तर उपसू. दहा वर्सां दुसरा काय केलंय मी?"

"लवू, ता उपसण्यासारख्या येवचा नाय. फळी जातली ती एकदम जातली."

तो उठला. टोपी खुंटीवर होती, ती घेतली.

"दुकानार कसे हसतत ता तुका ठावक हा. आता मी जावन सांगू, माझी बहीण म्हणता म्हणान मी जाणंय नाय?" दारात थांबून म्हणाला, "तू माका दर्यात जाताना बघलंसच नाय कधी. एकदा बघ."

किती खोल गेला टोचा, हे त्याने विचारलं नाही.

*

बुधाजी हा खलाशांतला जुना. त्याचं ऐकतात. मी त्याच्या घरी गेले. तो जाळं शिवत होता, बायको सुकट निवडत होती. मी सांगितलं तसं दोघंही हसायला लागली, वाईट मनाने नाही.

"कुंदाबाय," बुधाजी म्हणाला, "तू घरात बसान हातभर बोटी करतंस ता बरां करतंस. पण आमच्या बोटीक टोचे मारीत फिरतंस ता बरां नाय. बाई माणसान उभ्या बोटीक लोखंड लावलेला चांगला नाय."

"बुधाजी, एकदा येवन बघ."

"तात्यान बघल्यान, लवून बघल्यान. आता मी काय बघू? चा घेतंस?"

मी उठले. तोही उठला, मला पोचवायला अंगणापर्यंत आला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "तात्याक तू बारकी करतंस, असां ऐकलंय. पद्मावतीची."

"करतंय."

"खालची फळी सोडलंस मां?"

त्याच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"अजून सोडलेली हा," मी म्हटलं.

"बरां," तो म्हणाला, आणि परत जाळ्याकडे गेला.

*

लाकडाचं कोणी ऐकत नव्हतं. बारकीचं ऐकलं असतं.

*

शेवटची फळी कधीच मोजून कापता येत नाही. जी जागा उरली आहे तिच्यावर कागद धरायचा, कडेने नखाने दाबायचं, कागद काढायचा, त्यावरून पट्टी कापायची. तरी ती पहिल्यांदा बसत नाही. थोडी घासायची. बसत नाही. आणखी थोडी. मग एका क्षणी ती आत जाते आणि लाकूड लाकडाला लागल्याचा लहान आवाज होतो. बाबांच्या बारक्यांचा तो आवाज मी मोजक्या वेळाच ऐकला होता. तेव्हा ते हात धुऊन यायचे आणि त्या दिवशी पुढचं काम करायचे नाहीत.

मी दुपारी पडवीत बसून ती लावली. रस्त्याने माणसं जात होती. कोणीही वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं.

पुट्टी लावली नाही. सांध्यांत कापसाचा धागा भरला, वर राळ दिली, मग तेल. सगळ्या फळ्या दिसत होत्या, अंदाजाने घातलेली आखूडसुद्धा. पुढे दोन्ही अंगांना बारीक ब्रशने नाव लिहिलं. पद्मावती.

हात धुतले.

*

नारळी पौर्णिमेला पद्मावतीला पताका लावल्या होत्या. ओंडक्यांना तेल चोपडलं होतं. दोर लावून माणसं उभी होती, बायका आरत्या घेऊन. खलाशांनी वळकट्या आधीच बोटीवर टाकल्या होत्या. लवू नाळेपाशी उभा होता, टोपी घालून. त्याने मला गर्दीत बघितलं आणि हात वर केला. मी त्याला दर्यात जाताना बघायला आले आहे असं त्याला वाटलं.

पूजेचा पाट वाळूत मांडला होता. नारळ, हळदकुंकू, एक दिवा. मी पुढे गेले, पदराखालून बारकी काढली आणि पाटावर ठेवली. उलटी. तळ वर.

गुरव मंत्र म्हणत होता, तो म्हणतच राहिला. मागचे लोक बोलत होते. पुढचे गप्प झाले. मग मागचेही.

बुधाजी पुढे आला. त्याने बारकी उचलली नाही. तिच्या पोटावरून तळहात फिरवला, डाव्या अंगाने, उजव्या अंगाने, परत डाव्या. तो उघडी जागा शोधत होता. माणूस खिसे चाचपतो तसा.

"पुरी हा," तो म्हणाला. मोठ्याने नाही.

मग तो शिडीवरून बोटीवर चढला, त्याची वळकटी घेतली आणि उतरला. त्याच्या मागून दुसरा चढला. मग तिसरा. एकाने वळकटीबरोबर भाताचं भांडंही उचललं, मग ते त्याचं नव्हतं म्हणून परत ठेवलं. दोर धरलेल्यांनी दोर खाली टाकला.

"रे बुधाजी!" वरून लवू ओरडला. "खय चललास? मेल्यांनू, हातभर खेळण्याक भियातास?"

कोणी वर बघितलं नाही.

मला वाटलं होतं तात्या चिडतील. शिव्या देतील, बारकी वाळूत आपटतील. ते शांतपणे पाटापाशी आले. दोन्ही हातांनी बारकी उचलली, देवाची मूर्ती उचलावी तशी, आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"बघितलास सगळ्यांनी?" ते म्हणाले. "पुरी हा. कोणी केल्यान ही?"

लोक माझ्याकडे वळले.

"कोणी केल्यान? सांगा."

"कुंदान," कोणीतरी म्हणालं.

"कोणी?"

"कुंदान," आता बरेचजण म्हणाले.

"बरां," तात्या म्हणाले, आणि बारकी काखेत घेऊन घरी गेले. कुत्रा मागे गेला.

लवू सगळ्यात शेवटी उतरला. माझ्यासमोर आला. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्यासमोर वाळूत दोन पायांवर उभा होता, कोरडा, आणि मला तेवढंच हवं होतं.

"बाय," तो म्हणाला, "तू माका बुडयलंस."

*

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी टेम्पोतून माणसं आली. कुठली ते कोणी नीट विचारलं नाही. कोणी म्हणे नेपाळकडची, कोणी म्हणे ओडिशाची. तांडेलही त्यांच्याबरोबरच आला. लवू तात्यांकडे गेला होता, तात्या म्हणाले, "तुझ्या घरचीच नदर लागली, आता तू नको." त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

मी बंदरावर गेले. ती माणसं पद्मावतीच्या सावलीत बसून चणे खात होती. एकाने मला बसायला दोराचं वेटोळं पुढे सरकवलं. मला जेवढं हिंदी येतं तेवढ्यात मी सांगितलं. नाव खराब है. नीचे से. लकड़ी नहीं है, मिट्टी है. मी हाताने दाखवलं, अंगठा आत गेल्यासारखं. ती ऐकत होती. एकजण उठून तळाशी गेला, हात फिरवून आला आणि म्हणाला, "एकदम चिकना है, दीदी. नया है."

मी टोचा काढला. तेवढ्यात तात्यांचा माणूस आला आणि त्याने त्यांना काहीतरी सांगितलं. ती माणसं माझ्याकडे बघून हसली. आता वेगळं हसली. ज्याने बसायला दिलं होतं त्याने चण्यांचा कागद पुढे केला, लहान मुलाला समजवावं तसा.

मला बारकी दाखवता येत नव्हती. ती तात्यांच्या घरी होती. आणि दाखवली असती तरी त्यांना ती नुसती लहान बोट वाटली असती.

*

वारा नव्हता. समुद्र पाटावर पाणी सांडावं तसा होता. पद्मावती गेली आणि आली नाही.

एकजण जिवंत मिळाला, बर्फाची रिकामी पेटी धरून. त्याला दुसऱ्या बंदरावर उतरवलं. तो म्हणे एकच सांगत होता. पानी नीचे से आया, जैसे किसी ने दरवाज़ा खोल दिया. आमच्या बंदरात ते कोणी ऐकलं नाही. ऐकायची गरज नव्हती. कारण सगळ्यांनी पाटावर बघितलं होतं.

तात्या देवळात गेले आणि सगळ्यांदेखत रडले. मी बाहेर, पायरीपाशी होते. बाई आत येऊ नये म्हणून कोणी अडवलं नाही, पण मला जागाही कोणी दिली नाही.

"मी तिका सांगलेलंय," तात्या रडत म्हणत होते. "हात जोडून सांगलेलंय. चलती बोट हा, एक फळी उघडी ठेव म्हणान. ऐकल्यान नाय गो. माझ्यार राग काढल्यान."

बुधाजी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता.

तेव्हा मला ते बंदरावरचं विचारणं आठवलं. कोणी केल्यान? सांगा. कोणी?

बोट खोल पाण्यात गेली होती. तिची एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही, म्हणजे फळी कशी होती हे दाखवायला काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी तात्यांची तिसरी फायबरची बोट आली. बारकी अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे, काचेच्या पेटीत. जावई मुंबईहून येतो तेव्हा तिची गोष्ट सांगतो, असं ऐकते.

*

मी गाव सोडलं. पणजीत एका दुकानासाठी बोटी करते. कुठल्याच चालत्या बोटीच्या नाहीत, मनाने केलेल्या. नावं लिहीत नाही. पुट्टी लावते, कारण गिऱ्हाईक अंगठा फिरवून बघतं.

लवू मला एकदाच भेटला, बऱ्याच वर्षांनी, कणकवलीच्या स्टँडवर. केस पिकलेले. दर्याचं काम त्याने कधीच सोडलं होतं. कुठल्याशा गोदामात होता. आम्ही दोघं एकाच बाकावर, मधे त्याची पिशवी.

"जेवलंस, बाय?"

"जेवलंय. तू?"

"खाल्लंय वडापाव." पणजीची गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "त्या सगळ्यांची नावां माका ठावक हत."

"कोणाची?"

"पद्मावतीरच्या."

"तुका कोणी सांगली?"

"जावन विचारून इलंय. तेंच्या गावाक." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "जा. गाडी सुटतली."

मी चढले. खिडकीतून बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

*

पद्मावतीच्या तळाला पुट्टी लवूने लावली होती, तात्या माझ्या पडवीत आले त्याच्या आधी, आषाढात. घासायची कशी हे मी त्याला शिकवलं होतं, ज्या वर्षी त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.